चांदीचा आकडा सरकारजमा करताना

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटपर्यंत आशेवर राहायला नको: मला मोहरांचा हंडा सापडलेला नाही. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरताना सापडला तो बोटाच्या पेराएवढा चांदीचा एक आकडा, म्हणजे कपडे अडकवायचा हूक. तो रीतसर कळवून, त्याची चौकशी होऊन, किंमत ठरून माझ्या वाट्याचे पैसे खात्यात पडेपर्यंत सप्टेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४ एवढा काळ गेला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कायद्यात बसतं का गं?" पंगतीत उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवटच होतं. म्हणून हे सविस्तर, चुकांसकट.

आम्ही इंग्लंडमध्ये सफक काउंटीत, इप्सविचजवळ राहतो. माझं माहेर श्रीरामपूर. मार्च २०२१ मध्ये, टाळेबंदीत त्याच त्या पायवाटा तुडवून कंटाळल्यावर, मी एक वापरलेला मेटल डिटेक्टर १८० पौंडांना घेतला. खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी छोटी कांडी असते, तिला पिनपॉइंटर म्हणतात, ती ९० पौंडांना. हेडफोन, खुरपं, गुडघ्याखाली घ्यायचं रबर धरून तीनशेच्या वर गेले. नवऱ्याने हिशेब विचारला नाही. त्याची सायकल याच्या चौपट किमतीची आहे.

यंत्राला इथे परवाना लागत नाही. पण प्रत्येक जमिनीला मालक असतो आणि त्याने हो म्हटल्याशिवाय तिथे यंत्र फिरवायचं नाही. सार्वजनिक बागही कौन्सिलची असते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर मालकाच्या होकारानेही भागत नाही. तिथे 'हिस्टॉरिक इंग्लंड' या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची लेखी परवानगी नसेल तर १९७९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कुठली जमीन संरक्षित आहे ते त्यांच्या ऑनलाइन नकाशावर फुकट दिसतं. आधी तो नकाशा उघडा, मग पत्र लिहायला बसा. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला विनापरवाना डिटेक्टर फिरवणंच गुन्हा आहे. तिकडे सहलीला जाताना यंत्र गाडीच्या डिकीत टाकून नेऊ नका.

मी अकरा शेतकऱ्यांना पत्रं टाकली. दोघांनी उत्तर दिलं. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने चहाला बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, गहू आणि बीटची शेती. दारात पाहताच म्हणाले, "माझा हातोडा हरवलेला नाही, आधीच सांगतो." मला विनोद कळला नाही. सफकमध्ये तो सगळ्यांना कळतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला आलेल्या एरिक लॉज यांना डिटेक्टरवर रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला. थोडं बाहेर काढल्यावर ते थांबले आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी बाकीचा साठा नीट खणून काढला. जवळपास १५ हजार नाणी निघाली, साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

चहा झाल्यावर मात्र त्यांनी तासभर माझी उलटतपासणी घेतली. रात्री तू येणार नाहीस ना? गाडी कुठे लावणार? सापडलेलं मला दाखवणार का? त्यांच्या शेजाऱ्याच्या शेतात पूर्वी रात्रीचोर येऊन गेले होते. इथे त्यांना 'नाइटहॉक' म्हणतात. डोक्याला दिवा लावून येतात, सकाळी शेतात नुसते खड्डे. शेवटी एका कागदावर सह्या झाल्या: सापडेल त्यात निम्मं-निम्मं, फाटक लावून घ्यायचं, खड्डे बुजवायचे, पेरलेल्या रानात पाऊल टाकायचं नाही. त्यांनी विम्याचा कागदही मागितला. 'नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग'चं सभासदत्व घेतलं की तो विमा त्यातच मिळतो.

आता चुकांकडे.

पहिल्या वर्षभरात मी बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, अंगुस्तानं, व्हिक्टोरिया राणीची पेनी, दोन-तीन रोमन नाणी असं बरंच काही आणलं. सगळं बटर कुकीजच्या त्या निळ्या डब्यात टाकत गेले, ज्यात घरोघरी सुईदोरा असतो. एक रोमन नाणं फारच हिरवं होतं. आमच्याकडे तांब्या काळवंडला की जे करतात तेच केलं: चिंच आणि मीठ. मस्त लखलखलं. हिरव्या थराबरोबर सम्राटाचं नाक आणि नावही गेलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डबा घेऊन मी 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'च्या नोंद अधिकाऱ्यांकडे गेले. १९९७ पासून चालू असलेली ही योजना आहे. जनतेला सापडलेल्या वस्तूंची नोंद करायला काउंटी-काउंटीत असे अधिकारी असतात. वस्तू बघतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत देतात. एक पैसा घेत नाहीत. ऑनलाइन यादीत आजवर १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत. अधिकारीबाई माझ्याच वयाच्या. डबा उघडला, चिंचेचं नाणं उचललं, काही न बोलता खाली ठेवलं. मग एक रोमन पिन बोटांत धरून विचारलं,

"ही कुठे सापडली?"

"शेतात."

"कुठल्या बाजूला?"

शेत चाळीस एकरांचं. मी गप्प. पुढच्या वस्तूलाही गप्प, त्याच्या पुढच्याही. डब्यात त्रेचाळीस वस्तू होत्या, त्यांतल्या चारांच्या जागा मला धडपणे सांगता आल्या, त्याही जिथे आम्ही डबा खायला बसायचो त्या झाडाजवळच्या म्हणून. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या पिना माझ्याकडे शेकड्याने आहेत. त्या एका कोपऱ्यात दाटीने पडल्या होत्या की शेतभर विखुरल्या होत्या, यावरून तिथे घर होतं की देऊळ की नुसती वाट, हे कळलं असतं. आता नाही कळणार."

घरी येताना बसमध्ये मला दायमाबाद आठवलं. आमच्याच तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण साठ किलोंच्या वर वजन. शाळेत आम्हाला त्यांचं भारी कौतुक होतं. मोठेपणी वाचलं की त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात सापडलेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळावरून अभ्यासकांत वाद आहे. ढवळीकरांनी त्या उत्तर-हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळात नेल्या, तर धातूत आर्सेनिक जास्त आहे म्हणून डी. पी. अगरवालांनी त्या बऱ्याच अलीकडच्या ठरवल्या. नंतर तिथे मोठं उत्खनन झालं, पण त्या झुडपाखालची माती तोवर हलली होती. त्या माणसाचा काही दोष नव्हता, तो मूळ काढत होता. मी तर तीनशे पौंड खर्चून, हौसेने जागा पुसत होते.

पुरातत्त्ववाले आणि डिटेक्टरवाले यांचं भांडण इथे जुनं आहे. १९८० मध्ये पुरातत्त्वाच्या संस्थांनी आपला भूतकाळ लुटणं थांबवा अशी मोहीमच काढली होती. पुढे सरे काउंटीत वॉनबरोचं रोमन देऊळ खरोखरच लुटलं गेलं आणि त्यातून कायदा बदलायची मागणी उठली. डिटेक्टरवाले म्हणतात, नांगर आणि खतं तशीही वस्तूंची वाट लावतात, आम्ही वाचवतो. नांगरटीच्या थरापुरतं मला ते पटतं. त्याखाली वस्तू शेकडो वर्षं सुखाने पडलेली असते, तिला वाचवायला कुणी बोलावलेलं नसतं. सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ २०१० साली डेव्ह क्रिस्प यांना खाली मडकं लागलं तेव्हा त्यांनी खणणं थांबवलं आणि माणसं बोलावली. ते मडकं थराथराने रिकामं केलं, ५२,५०३ नाणी निघाली. सगळ्यात उशिराची नाणी वर असायला हवी होती, ती बरीच खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं भर टाकलेली पुंजी नव्हे, सगळं एकदाच ओतलेलं, कदाचित देवाला वाहिलेलं. क्रिस्प यांनी हात घालून नाणी पिशवीत भरली असती तर नाण्यांची संख्या तीच आली असती, पण ही एवढी गोष्ट हातची गेली असती.

उलटं उदाहरणही आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी तो दडवला आणि विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. साठ्यात वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे तेव्हाच्या इंग्लंडातल्या दोन राज्यांचे राजे शेजारी शेजारी बसलेले दाखवणारी नाणी होती. ज्या केओलवुल्फला नंतरच्या बखरकारांनी बाहुलं ठरवलं, तो आल्फ्रेडच्या बरोबरीचा मित्र असावा, असं त्या नाण्यांवरून वाटतं. बहुतेक नाणी अजून बेपत्ता आहेत. नियमाप्रमाणे कळवलं असतं तर त्यांनाही मोठं बक्षीस मिळालं असतं, हे विशेष.

आमच्या सफकमध्येच रेंडलशॅमच्या जमीनमालकाने रात्रीचोरांना कंटाळून काउंटीच्या पुरातत्त्व विभागाला हाक मारली. २००८ पासून चार हौशी डिटेक्टरवाले तज्ज्ञांच्या हाताखाली वर्षानुवर्षं ती शेतं पिंजून काढत होते, प्रत्येक वस्तूची जागा टिपत. त्या नकाशावरून अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतरच्या काळातल्या राजांची वसाहत उभी राहिली. २०२२ मध्ये २३ मीटर लांबीच्या राजवाड्याच्या पायाच्या खुणा मिळाल्या. ते चौघे मला डिटेक्टरवाल्यांतले वारकरी वाटतात.

तर डब्यानंतर मी फोनवर जागेचे आकडे टिपायला लागले. इथल्या राष्ट्रीय नकाशावर आठ आकडी संदर्भ दिला की दहा मीटरचा चौकोन मिळतो, दहा आकडी दिला की एक मीटरचा. फुकटचं ॲप आहे. वस्तू मातीतून उचलण्याआधी आकडे टिपायचे, नंतर नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर आकडे. वस्तू धुवायची नाही. चिंच घरात.

१७ सप्टेंबर २०२२, शनिवार. गहू निघून गेला होता, धसकटं उभी. दुपारी सिग्नल आला, स्वच्छ, वरचा. चार इंचांवर ढेकूळ फुटलं आणि आत काहीतरी चमकलं. गोल चकती, तिच्यावर तारेची बारीक वेलबुट्टी, खोबणींत सोन्याचा मुलामा टिकलेला आणि उंचवट्यांवरून घासून गेलेला. मागे वाकडा आकडा, टोकाकडे थोडा मोडलेला. मी पाहताक्षणी म्हटलं, हा आजीचा छल्ला! कमरेला खोचायचा तो चांदीचा छल्ला, ज्याच्या घुंगरांच्या आवाजावरून आजी कुठल्या खोलीत आहे ते कळायचं. मागची रचना थेट तशीच. नंतर कळलं की हा ट्यूडर काळातला, सोळाव्या शतकातला आकडा. कपडे अडकवायला किंवा चिखलातून चालताना घागऱ्याचा घोळ वर खोचून धरायला वापरत. म्हणजे ओचा खोचायची त्यांची सोय. कुणी बाई या रानातून घाईने गेली असणार.

शेतकऱ्याला तिथूनच फोन केला. संध्याकाळी अधिकाऱ्यांना फोटो आणि जागेचे आकडे ईमेलने. १९९६ च्या 'ट्रेझर ॲक्ट'प्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनात किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू म्हणजे ट्रेझर. सुटं नाणं त्यात येत नाही. ट्रेझर असावं असं लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ३० जुलै २०२३ पासून व्याख्या वाढली: दोनशे वर्षांहून जुनी, अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तू सोन्या-चांदीची नसली तरी त्यात येऊ शकते. माझ्या ईमेलला सोमवारी उत्तर नाही. मी धास्तावले, मग आठवलं, एलिझाबेथ राणीची अंत्ययात्रा, देशभर सुट्टी. मंगळवारी उत्तर आलं. कळवल्याची तारीख ईमेलची धरतात, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

त्याच शनिवारी फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला होता. आईचा लगेच फोन. "पितृपक्षात कशाला ग जमीन उकरतेस? आणि सापडलेलं सोनं घरात ठेवू नये." मी म्हटलं, चांदी आहे आणि घरात ठेवणारही नाही. दादाची मागणी वेगळीच: येताना यंत्र घेऊन ये, वाड्याच्या पडवीत बघू. त्याला १८७८ चा कायदा सांगितला. आपल्याकडे जमिनीत सापडलेल्या धनाची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि दहा रुपयांचा तो आकडा कायद्यात लिहिलेलाच आहे. तो म्हणाला, "मग राहू दे."

२९ सप्टेंबरला आकडा नेऊन दिला, पावती घेतली. पावतीचा फोटो काढा, माझी मूळ पावती कारच्या खणात विरघळली. मग शांतता. ऑक्टोबर, दिवाळी, नाताळ. मे २०२३ मध्ये अहवाल आला: दोन पानं, मापं, वजन, तुलनेसाठी अशाच वस्तूंची यादी आणि मी टिपलेले जागेचे आठ आकडे. स्वतःचे आकडे छापील बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाट बघताना महिन्याला विचारत बसू नका. वर्षाला हजाराहून जास्त ट्रेझर प्रकरणं येतात आणि माणसं मोजकी. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

स्थानिक म्युझियमला तो हवा होता, म्हणून प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. कुणालाच नको असता तर जमीनमालकाला हरकत घ्यायला २८ दिवस देऊन वस्तू मला परत आली असती. चौकशी करतो कोरोनर, म्हणजे आकस्मिक मृत्यूची चौकशी करणारा तोच अधिकारी. हे पद ११९४ पासूनचं, राजाच्या हक्काच्या गोष्टी सांभाळायला निर्माण झालेलं, त्यात ट्रेझर आलं. जानेवारी २०२४ मध्ये कोरोनरचं पत्र आलं तेव्हा नवऱ्याने पाकिटावरचं नाव वाचून मला कामावर फोन केला, "कोण गेलं?" आईला फोनवर कोरोना ऐकू आलं. तिने काढा प्यायला सांगितलं.

चौकशी १५ फेब्रुवारीला. हजर राहायची सक्ती नसते, मी हौसेने अर्धी रजा टाकली. अकरा मिनिटं. अहवालातला सारांश वाचला, हा ट्रेझर आहे असं जाहीर झालं, आमचे आभार मानले. माझ्या आधी त्याच खोलीत कुणाच्या तरी मृत्यूची चौकशी झाली होती. बाहेर बाकावर एक बाई हुंदके देत होती. तिच्या शेजारी बसून आकड्याची वाट बघताना मला अपराधी वाटलं.

ऑगस्टमध्ये किंमत कळली: २४० पौंड. तज्ज्ञ अंदाज देतो, 'ट्रेझर व्हॅल्युएशन कमिटी' शिफारस करते, तुम्हाला हरकत घेता येते. निम्मे १२० माझे, म्हणजे तेव्हाचे तेरा हजार रुपयांच्या आसपास. बक्षीस सोडताही येतं, मग म्युझियमला वस्तू तेवढ्याने स्वस्त पडते. मी आठवडाभर विचार करत होते. पुरातत्त्वाचा विद्यार्थी महिनोन् महिने चिखलात खणतो, त्याला सापडलेल्या वस्तूचं कुणी बक्षीस देत नाही. मला शनिवारच्या फिरण्याचे पैसे का? दुसरीकडे, हे पैसे नसते तर किती जणांनी कळवलं असतं, हाही प्रश्न आहेच. शेतकऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, "तू सोडलेस तर मी चिकट दिसेन. मला ट्रॅक्टरचं टायर घ्यायचंय." मी घेतले. त्यातून फोनची जादा बॅटरी आणि त्यांच्यासाठी एक बाटली.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, क्रिस्प यांच्यासारखं मीही थांबून बघितलं. फूटभर खाली, नांगरटीच्या थराखाली, भाजलेल्या मातीची गोल कड दिसली, शेजारी शिशाचा तुकडा. हात थरथरले. खणणं बंद, फोटो, आकडे, माती परत, फोन. पाच दिवसांनी अधिकारीबाई स्वतः आल्या, ब्रशने माती बाजूला केली. शेतातलं पाणी काढायला शंभर-दीडशे वर्षांपूर्वी टाकलेला मातीचा नळ होता. शेतकरी इतके हसले की त्यांना खोकला आला. बाईंनी चहा घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आई इकडे आली होती, तेव्हा तिला म्युझियममध्ये नेलं. आकडा काचेच्या कपाटात नाही, खाली ओढायच्या खणात आहे, आणखी सतरा बारीक वस्तूंबरोबर. चिठ्ठीवर गावाचं नाव आणि साल. आईने चष्मा वर केला. "छल्लाच की गं. पण मोडका." आणि ती पुढच्या दालनातली भांडी बघायला गेली.

घरी आल्यावर तिला बटण लावायला दोरा हवा होता. तिने निळा डबा उघडला. वर ते चिंचेने घासलेलं नाणं होतं, अजूनही लखलखीत. तिने ते खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केलं.

"हे गं कुठं सापडलं?"

"शेतात," मी म्हटलं.